आबासाहेबांचा दहावा

उत्तरायण तोंडावर आलं आणि इंदिराबाईंच्या शेतात पापडी तोडायला एक बाई मिळेना.

पापडी अशी भरली होती की बांधावरून जाणाऱ्याचा हात आपसूक शेंगेकडं जावा. हा माल आज तोडायचा, फार तर उद्या सकाळी. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, बडोद्यात घरोघरी पापडीचा उंधियू शिजतो, त्याच्या आदल्या दोन दिवसांत खंडेराव मार्केटात पापडीला जी किंमत ती वर्षभरात नाही. सण उलटला की तीच पापडी जून होते आणि म्हशीपुढं पडते. म्हशीलाही ती फारशी आवडत नाही.

पण तोडणार कोण? गावातल्या झाडून साऱ्या बाया पांढरी लुगडी नेसून तळ्याच्या काठावर रडायला बसल्या होत्या.

ते शूटिंग होतं. पुण्याहून अमोघ नावाचा दिग्दर्शक आला होता. अंगावर मांस नाही, डोळ्यांत झोप नाही, हातात सदानकदा वॉकीटॉकी. इंदिराबाईंच्या मुलानं, दिग्विजयनं, आईला न विचारता शेताला लागून असलेली तळ्याकाठची पड जागा त्याला वापरायला दिली होती. बदल्यात दिग्विजयला पिक्चरमध्ये मेलेल्या म्हाताऱ्याच्या पुतण्याचं काम मिळालं होतं. पुतण्यानं डोकं भादरायचं होतं. बाप जिवंत असताना डोकं भादरलंस तर घरात पाऊल ठेवू देणार नाही, असं इंदिराबाईंनी सांगितल्यामुळं त्याच्या डोक्यावर रबराचं टक्कल बसवलं होतं. ऊन चढलं की ते कपाळावर गोळा व्हायचं, आणि कोयलीच्या कारखान्यातली पाळी बुडवून आलेला इंदिराबाईंचा हा एकुलता एक मुलगा शिळ्या पुरीसारखा दिसायचा.

इंदिराबाई आणि सून संयोगिता दोघीच पहाटेपासून शेतात वाकल्या होत्या. दवानं लुगड्याचा ओचा भिजला होता, बोटांची टोकं हिरवीकाळी झाली होती. दोघींच्या मिळून दोन टोपल्या भरल्या आणि इंदिराबाईंनी कंबर सरळ करून उरलेल्या शेताकडं बघितलं. शेत जिथल्या तिथं होतं.

"आई, दोघींनी नाही व्हायचं हे," संयोगिता म्हणाली.

"मला डोळे आहेत. तू तोडत राहा. मी त्या रडव्यांना घेऊन येते."

तळ्याकाठी जत्रा होती. जनरेटर धडधडत होता. पिक्चर जुन्या काळचा, गायकवाडी फौजेतल्या कुठल्याशा रिसालदाराचा, त्यामुळं कोयलीच्या रिफायनरीच्या चिमण्या चित्रात यायला नकोत म्हणून एक माणूस सकाळपासून कॅमेऱ्यापुढं कडुनिंबाची फांदी धरून उभा होता. मधूनच कुणाचा तरी कटलेला पतंग आभाळातून गोते खात यायचा आणि अमोघ कपाळाला हात लावायचा.

इंदिराबाई सरळ रेवाबेनपाशी गेल्या. रेवाबेन म्हणजे पापडी तोडणाऱ्या बायांची मुकादम. ती उठली की बाकीच्या उठतात.

"रेवा, ऊठ. पापडी वाट बघतेय."

"बा, आज केम जमशे? रडवानुं काम बाकी छे."

"कालपासून रडताय. मेलंय कोण एवढं?"

"अमने शी खबर. कोई सारो, भलो माणस हशे." रेवाबेननं पदर पुढं ओढला आणि आवाज खाली आणला. "बा, तमे फोटो जोयो?"

इंदिराबाईंनी बघितलं. दर्भावर पिंड मांडले होते, शेजारी पाटावर एका फेटेवाल्या म्हाताऱ्याचा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढं उदबत्ती. फोटो इंदिराबाईंच्या नवऱ्याचा होता. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून जयवंतराव निवृत्त झाले त्या दिवशीचा. चौकट इंदिराबाईंनी स्वतः करवून आणली होती.

त्या दोन पावलं मागं आल्या. मग पदर खोचला.

"हे कुणाच्या परवानगीनं मेले?"

दिग्विजय टक्कल सावरत पुढं आला. "आई, ते बाबा नाहीत. ते आबासाहेब. पिक्चरमधले."

"आबासाहेबाला तुझ्या बापाचं नाक कुठून आलं?"

"ऐनवेळी फेट्यातला म्हातारा पाहिजे होता. फोटो घरात होता म्हणून दिला."

"मीही घरातच होते. मला विचारलंस?"

ज्यांच्यावरून हे चाललं होतं ते जयवंतराव चिंचेखाली खुर्चीत बसून लाइटवाल्यांबरोबर चहा पीत होते. जन्मभर लेथच्या खडखडाटात काढल्यानं त्यांना कामावर बोलायची सवय नव्हती, आणि घरी बोलायला जागा नव्हती. ते बशी खाली ठेवून म्हणाले, "अगं, फोटो बरा दिसतोय की."

"तुम्ही गप्प बसा. मेलेल्या माणसानं बोलू नये."

अमोघ हात जोडून धावत आला. "आजी, जरा समजून घ्या."

"आजी कुणाची?"

"मावशी. फोटो आता बदलता येत नाही. ह्याच फोटोसमोर तीन सीन झालेत. कंटिन्युइटी असते आमच्यात."

"माझं कुंकू तुमच्या तीन सीनपेक्षा जुनं आहे. त्याचीही कंटिन्युइटी आहे."

अमोघ म्हणाला, "मावशी, एकच शॉट राहिलाय. कावळा पिंडाला शिवला की पॅकअप. तुमच्या सगळ्या बायका मोकळ्या. तुम्ही म्हणाल तर मी स्वतः त्यांना शेतात पोचवतो."

इंदिराबाई घोटाळ्यात पडल्या. कावळा शिवल्याशिवाय बाया सुटत नाहीत आणि पापडी तुटत नाही. आणि जित्याजागत्या नवऱ्याच्या फोटोपुढच्या पिंडाला कावळा शिवला, तर त्या अभद्राचं काय करायचं? कावळा यायलाही पाहिजे आणि यायलाही नको. असला पेच त्यांना अख्ख्या मार्केटात कधी पडला नव्हता.

बघू, म्हणून त्या बांधावर बसल्या. कावळ्यानं मात्र त्यांचा निम्मा पेच सोडवला. तो आलाच नाही.

एरवी ह्या तळ्यावर कावळ्यांचा उच्छाद. हातातली भाकरी नेतात मेले. पण आज सगळे जेवणवाल्याच्या मांडवावर ओळीनं बसले होते. तिथं खमण होतं, पुऱ्या होत्या, बटाट्याची भाजी होती. नुसत्या भाताच्या पिंडासाठी कोण उठतो? अमोघनं जेवण बंद करायला लावलं, मांडव सोडवला. कावळे उठले आणि कोयलीच्या दिशेनं निघून गेले. आता कावळेही नाहीत आणि दीडशे माणूस उपाशी.

मग शहरातून एका गृहस्थाला बोलावलं. लहानपणी घरट्यातून पडलेला, एका पंखानं अधू असा कावळा त्यानं घरी बिस्किटं चारून वाढवला होता. पिंजऱ्याचं दार उघडलं. बायांनी गळे काढले. कावळा बाहेर आला, पिंडाकडं मान वाकडी करून त्यानं बघितलं, आणि सासरी निघालेल्या मुलीसारखा सावकाश पावलं टाकत रडणाऱ्या बायांच्या मधून, तारांवरून, ट्रॉलीच्या रुळांवरून चालत चिंचेखाली गेला. जयवंतराव चहात बिस्कीट बुडवत होते. कावळा टुणकन त्यांच्या गुडघ्यावर चढला.

पिंड सोडून कावळा सरळ माणसालाच शिवला होता.

इंदिराबाई उठल्या. "उठा. अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ."

"अगं, बिस्किटासाठी आला तो."

"कशासाठी आला ते मी विचारलं नाही. उठा."

संयोगितेनं विहिरीवरची मोटर चालू केली. पौषाच्या थंडीत जयवंतराव पाइपाच्या धारेखाली सदरा-पायजम्यासकट उभे राहिले. दात वाजत होते. कोरडे कपडे घरी, घर लांब. कपडेपटवाल्या पोरानं दया येऊन आपल्याकडचं धोतर, बाराबंदी आणि फेटा दिला. दहाव्याच्या सीनमध्ये दान द्यायला म्हणून आणलेले ते आबासाहेबांचे कपडे होते. जयवंतराव ते घालून तळ्याकाठी परत आले तेव्हा रेवाबेननं फोटोकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की अमोघ म्हणाला, हे कालपासून कुठं ठेवलं होतं तुम्ही.

दुपार कलली. मांडव नसल्यानं सगळे उन्हात बसले होते. पिंड वाळून टणक झाले होते. संयोगिता एकटी शेतात वाकलेली दिसत होती. ती एक सरी संपवायची तोवर इंदिराबाई उरलेल्या सऱ्या पुन्हा मोजायच्या. ऊन असंच राहिलं तर शेंग संध्याकाळपर्यंत राठ होणार होती.

"एक सांगू?" त्या अमोघला म्हणाल्या. "तुमच्या म्हाताऱ्याची काही तरी इच्छा राहिलीय. ती पुरी करतो असं वचन दिल्याशिवाय कावळा यायचा नाही."

"नाही मावशी. आबासाहेब तृप्त होऊन गेले. म्हणून तर कावळा लगेच शिवतो. सगळ्या पिक्चरचा अर्थच तो आहे. मी तसं लिहिलंय."

"तुम्ही लिहिलंय. कावळ्यानं वाचलंय का?"

रडणाऱ्या बायांत माना डोलल्या. तृप्त माणसाला कावळा असा ताटकळत ठेवत नाही, हे त्यांना पटलं. अमोघ आपल्या कागदांकडं बघत राहिला. त्याचं आबासाहेबांवर खरंच प्रेम होतं, आणि त्यांनी आपल्यापासून काही लपवलं असेल ही शंका त्याला पहिल्यांदाच आली.

मग वचनं सुरू झाली. नायिका पिंडापुढं आली आणि म्हणाली, आबा, तुमची घोडी विकणार नाही. कावळा नाही. दिग्विजय म्हणाला, काका, मळ्याच्या वाटणीवरून भांडणार नाही. कावळा नाही, उलट टक्कल सुटून हातात आलं. अमोघनं स्वतः जमिनीवर डोकं टेकून म्हटलं, आबासाहेब, तुमचा लहानपणचा प्रसंग मी कापला होता, तो परत घालतो. एक कावळा कुठून तरी आला, कडुनिंबाच्या शेंड्यावर बसला आणि पिसं साफ करायला लागला.

"आयवो," रेवाबेन कुजबुजली. "पण हेठो नथी उतरतो."

"का उतरत नाही?"

रेवाबेननं विचार केला. "बा, आबासाहेब कोणे जोया छे? चेहरो तो जयवंतकाकानो छे. कागडो चेहरो जुए. इच्छा पण काकानी ज हशे."

कावळा बघतो चेहरा, आणि चेहरा जयवंतरावांचा. दीडशे उपाशी माणसांनी एकदम त्यांच्याकडं तोंड फिरवलं. ते धोतर सावरत खुर्चीतून अर्धे उठले. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण तुमची इच्छा काय हा प्रश्न त्यांना इतक्या माणसांनी कधी विचारला नव्हता. खरं तर एकानंही विचारला नव्हता.

"सांगा," इंदिराबाई म्हणाल्या. "लवकर सांगा, पापडी जून होतेय."

"रागावणार नाहीस?"

"ते ऐकल्यावर ठरवीन."

जयवंतरावांनी फेटा नीट केला. तळ्याकडं बघत म्हणाले, "मार्केटात बसावं म्हणतो. खंडेरावात, आपल्या ओट्यावर. तुझ्या जागी. एकदा तरी माल मी विकावा."

तो ओटा इंदिराबाईंना सासूकडून आला होता. शेजारचा कांदेवाला दरवर्षी दोन बोटं सरकायचा आणि त्या त्याला दरवर्षी दोन बोटं मागं ढकलायच्या. त्या ओट्यावर नवऱ्याला आजवर पोती उतरवण्यापुरतं बोलावलं होतं. घरात सून, कारखान्यात मुलगा, पण ओट्यावर इंदिराबाई. सगळं मार्केट त्यांना नावानं ओळखायचं.

"ते सोडून काहीही मागा," त्या म्हणाल्या.

"दुसरं नाहीये."

"काशी मागा. मोतीबिंदूचं ऑपरेशन मागा."

"ऑपरेशन तू करवणारच आहेस. मी नको म्हटलं तरी."

"तुम्ही बसलात तर वजनकाटासुद्धा गिऱ्हाइकाला देऊन याल."

बाया हसल्या. जयवंतरावही हसले, पण इच्छा त्यांनी मागं घेतली नाही. फेट्यात ते जरा उंच दिसत होते. इंदिराबाईंनी एकदा शेताकडं बघितलं, एकदा सूर्याकडं, एकदा कडुनिंबाच्या शेंड्याकडं.

"आधी तो हार काढा फोटोवरचा," त्या अमोघला म्हणाल्या.

"मावशी, कंटिन्युइटी."

"चुलीत घाला ती. हार काढा आणि ह्यांच्या गळ्यात घाला. फोटोला हार म्हणजे मेला. माणसाला हार म्हणजे सत्कार. मग कावळा खुशाल शिवू दे, माझं काही म्हणणं नाही."

उजेड चालला होता. अमोघनं मुकाट्यानं हार काढला आणि जयवंतरावांच्या गळ्यात घातला. लाइटवाल्यांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. फोटो पालथा घालून पाटाखाली सरकवला. कॅमेरा पिंडाजवळ नेला.

इंदिराबाई पिंडापुढं बसल्या. उजव्या तळव्यावर पाणी घेतलं.

"बसा ओट्यावर," त्या म्हणाल्या. "मी शेजारी बसते. भाव मी सांगीन."

कावळ्यानं फांदीवर कूस बदलली आणि पाठ केली.

"बरं. भाव तुम्ही सांगा. मी मागं नुसती उभी राहते."

कावळा उतरला. बांधावर आला, दोन उड्या मारून थबकला आणि मान वाकडी करून इंदिराबाईंकडं बघायला लागला. असं बघणारी गिऱ्हाइकं त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. पिशवी उघडी ठेवतात आणि पाय मागं घेतात.

"बा," रेवाबेन मागून हळूच म्हणाली, "थोडुं वधारो ने."

इंदिराबाईंनी ओठ आवळले. कावळ्यानंही चोच आवळलेली होती.

"मी घरी बसते," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा. फोनसुद्धा करणार नाही. झालं?" आणि पाणी सोडलं.

त्याच घटकेला जनरेटरचं डिझेल संपलं आणि धडधड थांबली, म्हणून कावळा आला असं लाइटवाल्यांचं म्हणणं. असेल. तो आला एवढं खरं. मधल्या पिंडावर चोच मारली, एक शीत उचललं, आणखी एक उचललं, आणि तळ्यावरून उडून गेला. अमोघ कट म्हणायचं विसरला. तो ओल्या मातीत फतकल मारून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आता रडायचं काम संपलंय," इंदिराबाई त्याला म्हणाल्या. "उठा, टोपली धरा. आणि बायांनो, कपडे बदलायला कुणी जायचं नाही. उजेड आहे तेवढ्यात शेत झालं पाहिजे."

त्या संध्याकाळी रस्त्यानं जाणाऱ्यांनी पापडीच्या शेतात एक मयत बघितलं. पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया सरींमध्ये वाकून शेंगा ओढत होत्या आणि मोठमोठ्यानं हसत होत्या. अर्ध्या टकलाचा पुतण्या पोती शिवत होता. नायिका कोवळ्या शेंगाच तोडत होती म्हणून संयोगिता तिला दटावत होती. दिग्दर्शक टोपल्या वाहत होता आणि त्याचे खांदे, इंदिराबाईंच्या लक्षात आलं, दिसतात तेवढे लेचेपेचे नव्हते. तळ्याकाठी फांदीवाला अजून फांदी धरूनच उभा होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इंदिराबाईंनी त्याच्या हातातून फांदी काढून घेतली आणि रिकामं पोतं दिलं. पलीकडं चिमण्यांची रांग पेटल्या आभाळात उघडी पडली. कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो भरून गेला. दिग्विजय चालवायला, शेजारी जयवंतराव, घडी मोडलेला सदरा आणि डोक्यावर फेटा. तो त्यांनी परत दिलाच नव्हता.

इंदिराबाई घरी राहिल्या. त्यांनी म्हैस धुतली. मग पुन्हा धुतली. अंगण झाडलं, झाडलेल्या अंगणाला नावं ठेवली, संयोगितेच्या भाकरीला नावं ठेवली आणि तीन खाल्ल्या. फोनकडं पाठ करून बसल्या. आता कांदेवाला सरकला असेल, त्यांना वाटलं. दोन बोटं काय, हातभर सरकला असेल, आणि हे त्याला म्हणाले असतील, या, ऐसपैस बसा.

ऊन डोक्यावरून कललं तेव्हा टेम्पो आला. जयवंतराव उतरले. घसा बसला होता, कपाळावर घाम होता, आणि तोंड असं फुललं होतं की इंदिराबाईंनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग टेम्पोकडं.

"खपली?"

"एक पोतं राहिलं. बाकी गेली."

"कशी गेली?"

"काय सांगू तुला. अलकापुरीतल्या एक बाई आल्या. त्यांची नणंद परदेशातून यायचीय, तिला उंधियू पाहिजे. म्हटलं, घ्या, पण ही शेंग घेऊ नका, हिच्यात अळी आहे. ही पण नको. मी निवडूनच देत होतो."

इंदिराबाईंनी डोळे मिटले. "गिऱ्हाइकाला तुम्ही अळी दाखवलीत."

"असली तर दाखवायला नको?"

"आणि कांदेवाला?"

"चांगला आहे बिचारा. त्याच्या मुलीचं जमवायचं चाललंय. तुला नव्हतं सांगितलं कधी त्यानं?" आणि ते अंगणातल्या खुर्चीत बसून बोलत राहिले. कोण आलं, कुणाच्या गुडघ्याला काय झालंय, कुणाचा मुलगा प्रतापनगरला त्यांच्याच जुन्या खात्यात लागलाय. पाणी पुढं केलं तर प्यायचं राहून गेलं. संयोगिता दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. सासरे इतकं बोलतात हे तिला लग्नापासून माहीत नव्हतं.

शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "उद्या पण बाजार आहे. शेवटचा."

इंदिराबाईंनी सूप आणलं, उरलेल्या पोत्याचं तोंड सोडलं आणि अंगणातल्या उन्हात पाय पसरून बसल्या. एकेक शेंग उचलायची, उन्हाकडं धरायची, अळीची बाजूला टाकायची, चांगली सुपात. बोटं सराईतपणे चालायला लागली.

"काय करतेस?"

"उद्यासाठी तुम्हाला दाखवायला काही शिल्लक ठेवत नाही."

जयवंतरावांनी खुर्ची सोडली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून पोत्यात हात घातला. एक शेंग काढून तिच्यासारखीच उन्हाकडं धरली. बराच वेळ धरली.

"ती चांगली आहे," इंदिराबाई म्हणाल्या. "टाका सुपात."